नृत्याची पदवी घेण्याआधी वेळापत्रक मागून घ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पीयूसी दुसऱ्या वर्षाचा, म्हणजे बारावीचा, निकाल लागला की बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या घराघरांत पुढच्या प्रवेशाची धावपळ सुरू होते. अलीकडे त्यात एक नवा प्रश्न ऐकू येतो. मुलीला किंवा मुलाला कंटेम्पररी डान्समध्ये, म्हणजे समकालीन नृत्यात, पदवी घ्यायची आहे, पाठवावे का? शिवजयंतीचे चित्ररथ, गणेशोत्सवातले कार्यक्रम, शाळेचे गॅदरिंग आणि टीव्हीवरच्या स्पर्धा यांतून नाचाची गोडी लागलेली मुले आता त्यावर पोट भरण्याचा विचार करू लागली आहेत. ही चांगली गोष्ट आहे. मात्र प्रवेश घेताना कुटुंबे बहुधा दोनच गोष्टी विचारतात : कॉलेज नामांकित आहे का, आणि पुढे नोकरी मिळते का. त्या दोन्हींच्या आधी विचारायची गोष्ट म्हणजे त्या अभ्यासक्रमाचे आठवड्याचे वेळापत्रक. तेवढ्याचसाठी हे पत्र लिहीत आहोत.

व्यावसायिक नर्तक घडवणाऱ्या अभ्यासक्रमात आठवड्याचे पाच दिवस, रोज सकाळी, किमान दीड तासाचा टेक्निकचा वर्ग असतो. अनेक ठिकाणी लागोपाठ दोन असतात, एक बॅलेचा आणि एक कंटेम्पररीचा. दुपारी इम्प्रोव्हायझेशन (आयत्या वेळी सुचेल तशी हालचाल करणे), स्वतःची रचना बसवणे, जुन्या रचना शिकणे. त्याच्या जोडीला शरीररचनाशास्त्र, नृत्याचा इतिहास, तालाचा अभ्यास, प्रकाशयोजनेची ओळख. एकूण अंगमेहनतीचे तास आठवड्याला पंचवीसच्या घरात जातात. वेळापत्रकात आठवड्याला दोन प्रॅक्टिकल आणि बाकी सगळी व्याख्याने दिसली, तर तिथून नृत्याची जाण असलेला पदवीधर बाहेर पडेल. पण रोज रंगमंचावर उभे राहण्याजोगे शरीर तयार होणार नाही, आणि वयाच्या एकविसाव्या वर्षी ते नव्याने तयार करणे फार अवघड जाते.

दुसरे विचारायचे ते शेवटच्या वर्षाबद्दल. चांगल्या ठिकाणी तिसऱ्या वर्षी बाहेरचा नृत्यदिग्दर्शक बोलावून विद्यार्थ्यांवर पूर्ण लांबीचे काम बसवले जाते, त्याचे प्रयोग तिकीट लावून होतात आणि विद्यार्थ्याची स्वतःची रचनाही सादर होते. त्याची व्हिडिओ नोंद हातात असल्याशिवाय पुढे कुठल्या संस्थेचे दार ठोठावता येत नाही.

आता वस्तुस्थिती. आपल्याकडच्या विद्यापीठांत नृत्याची पदवी म्हणजे मुख्यतः शास्त्रीय नृत्याची पदवी. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात कथक आणि भरतनाट्यम आहे, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातही तेच, मुंबईच्या नालंदा नृत्यकला महाविद्यालयाची ओळखही शास्त्रीय नृत्याचीच. कर्नाटकात म्हैसूरला डॉ. गंगूबाई हानगल यांच्या नावाचे संगीत व प्रदर्शन कलांचे विद्यापीठ आहे. कंटेम्पररीचे पूर्ण वेळ शिक्षण भारतात वाढले ते प्रामुख्याने विद्यापीठाबाहेर, खासगी संस्थांच्या पदविकांमधून. लंडनला शिकून आलेल्या जयचंद्रन पालाळी यांची बेंगळूरची अट्टक्कलारी ही त्यातली आद्य म्हणावी अशी संस्था. पदविका आणि पदवी यांत गल्लत करू नये. पदविकेने शरीर तयार होईल, पण कॉलेजात प्राध्यापक व्हायचे तर पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते. नेटचा विषय नृत्य, नाट्य व रंगभूमी असा एकत्र आहे आणि त्यात नाट्यशास्त्रापासून सगळे येते.

म्हणून सीमाभागातल्या बहुतेक मुलांसाठी आम्हाला पटणारी वाट अशी : शास्त्रीय नृत्याची पदवी, तिच्या बरोबरीने किंवा तिच्यानंतर कंटेम्पररीची एक-दोन वर्षांची पूर्ण वेळ पदविका, आणि झेप असेल तर मग परदेशातली पदव्युत्तर पदवी. हा वळसा नाही. भारतीय आधुनिक नृत्याचा इतिहासच त्या वाटेने आला आहे. महाराष्ट्रातल्या वाडा गावी जन्मलेल्या चंद्रलेखा (१९२८–२००६) भरतनाट्यममधून आल्या आणि योग व केरळची युद्धकला कळरीपयट्टू यांच्या संगतीने त्यांनी स्वतःची भाषा घडवली. अस्ताद देबू (१९४७–२०२०) लहानपणी कथक शिकले, पुढे लंडनला अमेरिकी नृत्यदिग्दर्शिका मार्था ग्रॅहमचे तंत्र, न्यूयॉर्कला होसे लिमोनचे, आणि परतल्यावर कथकली. दुःखी गाण्यावर जमिनीवर लोळणे म्हणजे कंटेम्पररी, असा समज आपल्याकडे पसरला आहे. तो या दोघांचे एखादे काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिले तरी दूर होईल.

परदेशी पदवीसाठी थेट बारावीनंतर जाणारेही असतात. लंडन कंटेम्पररी डान्स स्कूल, लीड्सचे नॉर्दर्न स्कूल, ब्रसेल्सला नृत्यदिग्दर्शिका आन तेरेसा द कीर्समाकर यांनी १९९५ मध्ये काढलेली पार्ट्स, जर्मनीत एसेनचे फोल्कवांग ही नावे जगभर मानली जातात. इंग्लंडमध्ये परदेशी विद्यार्थ्याची नुसती फी वर्षाला वीस लाख रुपयांच्या आसपास किंवा वर जाते, राहणे-खाणे वेगळे. युरोपातल्या सरकारी संस्थांत फी पुष्कळ कमी असते, पण व्हिसासाठी खात्यावर रक्कम दाखवावी लागते आणि निवड अत्यंत कडक असते. घर गहाण टाकून सतराव्या वर्षी पाठवण्यापेक्षा इथली पदवी पुरी करून शिष्यवृत्तीसह जाणे शहाणपणाचे. इंग्लंडसाठी चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्ट कलाक्षेत्रातल्या लोकांना मदत करते. देशात राहून शिकणाऱ्या अठरा ते पंचवीस वयाच्या मुलांसाठी केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाची तरुण कलाकारांची शिष्यवृत्ती आहे, दरमहा ५००० रुपये, दोन वर्षे. त्यासाठी मात्र गुरूकडे केलेल्या तालमीचा पुरावा लागतो. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा नियमित दिलेल्या असल्या तर अशा वेळी उपयोगी पडतात. बेळगावात कथक किंवा भरतनाट्यम शिकणाऱ्या मुलांनी मध्यमापाशी सोडून देऊ नये, विशारदपर्यंत न्यावे.

तयारी अकरावीपासून, म्हणजे दोन वर्षे आधी सुरू व्हायला हवी. कशाची तयारी, ते नेमके सांगतो, कारण इथेच बहुतेकांची शक्ती भलतीकडे खर्च होते. मुले पाय कानापर्यंत नेण्याच्या आणि हवेतल्या उलट्यांच्या मागे लागतात. निवड करणारे पाहतात ते वजन : शरीराचे वजन एका पायावरून दुसऱ्यावर, पायांवरून हातांवर, उभ्यातून जमिनीवर किती नेमकेपणाने जाते.

त्यासाठी आधी पडायला शिकावे. बाजूला पडताना गुडघे वाकवून बसके होत जायचे, श्वास सोडत राहायचे. जमिनीला आधी पिंडरीची बाहेरची बाजू लागते, मग मांडी, मग नितंब, मग बरगड्यांची बाजू, आणि हात त्याच दिशेने लांब सरकत जातो. गुडघ्याची वाटी कधीच आधी टेकायची नाही. कोपर ताठ करून तळहातावर सगळा भार झेलायचा नाही. मनगटाची हाडे त्यानेच मोडतात. मागे कोलांटी घेताना डोके एका बाजूला कलते ठेवून विरुद्ध बाजूच्या खांद्यावरून तिरपे जायचे. सरळ मानेवरून गेले की मणक्यांवर पूर्ण भार येतो. हे आधी गादीवर, मग सतरंजीवर, मग उघड्या लाकडी जमिनीवर, आणि प्रत्येक टप्प्यावर आवाज ऐकत करायचे. धप्प आवाज आला तर वजन एकदम टाकले गेले असे समजावे. तालमीत कुस्तीचे डाव खेळलेली किंवा मल्लखांब केलेली मुले यात फार लवकर पुढे जातात. पाठ टेकवायची कशी आणि खांदे वाचवायचे कसे हे त्यांच्या अंगात मुरलेले असते. अशा मुलांकडे नृत्यशिक्षकांनी मुद्दाम लक्ष द्यावे, असे आम्हाला कळकळीने वाटते. मुलगा नाचायला निघाला म्हणून घरात नाके मुरडली जातात तेव्हा तर अधिकच.

शास्त्रीय नृत्य केलेल्या मुलींची अडचण वेगळी. अरमंडीने (भरतनाट्यममधल्या अर्ध्या बैठकीने) मांड्यांत ताकद आणि दम आलेला असतो, ताल पक्का असतो, नजर स्थिर असते. ही मोठी शिदोरी आहे. पण पाठ एकसंध उभी धरण्याची सवय इतकी खोल गेलेली असते की कणा वळत नाही. त्यावर उपाय साधा आहे. भिंतीपासून चार बोटे अंतरावर पाठ करून उभे राहायचे, गुडघे सैल. आठ मात्रांत आधी डोके, मग मान, मग पाठ, शेवटी कंबर, असे एकेक मणका सोडत खाली जायचे आणि आठ मात्रांत कंबरेपासून उलट क्रमाने वर यायचे. डोके सगळ्यात शेवटी. रोज पाच वेळा, नंतर हेच डाव्या-उजव्या बाजूला. दुसरी चूक म्हणजे पावले गरजेपेक्षा जास्त बाहेर वळवणे. वळण खुब्यातून यायला हवे. ते नसताना पावले जबरदस्तीने वळवली की बसताना गुडघे आत येतात आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूला दुखणे सुरू होते. बसके झाल्यावर गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत दिसतो का, हे आरशात पाहावे. दिसत नसेल तर पावले थोडी आत घ्यावीत, मग कितीही अपुरे वाटो.

ताकदीची एक सोपी मोजणी : एका पायावर उभे राहून टाच पूर्ण उंच करून खाली, न थांबता पंचवीस वेळा, दोन्ही पायांवर सारखे. ते जमेपर्यंत उड्यांचा सराव वाढवू नये. सराव सुरू करताना थंड अंगाने मिनिट-मिनिट ताणून बसण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. तसे लांब ताण उड्यांच्या आधी दिले तर स्नायूंचा जोर काही काळ कमीच होतो. आधी वीस मिनिटे हलक्या हालचालीने अंग गरम करावे. लांब ताण शेवटी, घाम वाळायच्या आत.

रोज वीस मिनिटे गाणे न लावता स्वतःच्या मनाने हालचाल करून ती मोबाईलवर टिपावी. नियम एकच द्यावा, उदाहरणार्थ आज फक्त कोपरांनी दिशा ठरवायची. आठवड्याने पाहिले की आपण त्याच त्या तीन-चार हालचालींवर परत येतो हे दिसते. मग त्या मुद्दाम टाळायच्या. आणि पाहावे, पण रील नव्हे, पूर्ण लांबीचे प्रयोग पाहावेत. पणजीला २०१६ पासून डिसेंबरमध्ये सेरेंडिपिटी कला महोत्सव होतो, त्यात नृत्याचेही प्रयोग असतात. बेळगावहून गोवा जवळ आहे. तिथे एक दिवस जाणे महिनाभर मोबाईल पाहण्यापेक्षा जास्त शिकवते.

निवड चाचणीत बहुधा तीन भाग असतात : एक पूर्ण वर्ग, दीड-दोन मिनिटांची स्वतःची रचना, आणि मुलाखत. सर्वांत जास्त मुले वर्गात गळतात, ते हालचाल न जमल्यामुळे नव्हे, तर सांगितलेली दुरुस्ती पुढच्या फेरीत न केल्यामुळे. परीक्षक एखाद्याला मुद्दाम टोकतात आणि मग त्याच्याकडे पाहत राहतात. आधी व्हिडिओ मागवला जातो तिथे मोबाईल आडवा, स्थिर, छातीच्या उंचीवर ठेवावा. डोक्यापासून पायापर्यंत आणि उडीच्या वर हातभर जागा चौकटीत राहायला हवी. मागे साधी भिंत, अंगावर भिंतीपेक्षा वेगळ्या रंगाचे अंगासरशी कपडे. एकही कट नको, झूम नको. स्पर्धेत बक्षीस मिळवलेली क्लिप पाठवण्याचा मोह टाळावा. त्यात कॅमेरा पाच-पाच सेकंदांनी बदलतो, नेमक्या उतरण्याच्या क्षणी प्रेक्षक दाखवतात, आणि परीक्षकाला जे पाहायचे तेच दिसत नाही.

चाचणीच्या आधी जेवण तोडणे हा प्रकार मुलींमध्ये फार आहे. पाळी दोन-तीन महिने थांबली तर ते हाडे कमकुवत होत चालल्याचे लक्षण मानून डॉक्टर गाठावा. अशा अवस्थेत उड्या मारल्या की नडगीच्या हाडाला बारीक तडा जाऊ शकतो आणि वर्ष वाया जाऊ शकते. भाकरी, डाळ, उसळ, अंडे, दूध यांत काही कमी करायचे कारण नाही. नडगीचे दुखणे चालल्यावर कमी होत असेल तर बहुधा स्नायूंचे असते. एका बोटाने दाबल्यावर एकाच ठिकाणी कळ येत असेल आणि रात्रीही ठणकत असेल तर नाच थांबवून हाडांच्या डॉक्टरांना दाखवावे. तेल चोळून पुन्हा उभे राहू नये.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. महाराष्ट्रात प्रवेश घेणाऱ्याला कर्नाटक बोर्डाचे मायग्रेशन प्रमाणपत्र लागते. ते निकालानंतर लगेच काढावे, ऑगस्टमध्ये पळापळ होते. एसएसएलसीच्या (दहावीच्या) गुणपत्रिकेवरचे नाव, आधार आणि पासपोर्ट यांत आडनाव-आद्याक्षरांचा फरक असेल तर तो आधीच दुरुस्त करून घ्यावा. अभियांत्रिकी, फार्मसीसारख्या प्रवेशांत महाराष्ट्राने सीमाभागातील मराठी मुलांसाठी वेगळी सोय ठेवली आहे. ती नृत्याच्या पदवीला आपोआप लागू होईल असे धरून चालू नये, त्या विद्यापीठाकडून लेखी उत्तर घ्यावे.

कमाईचे खरे चित्रही पालकांसमोर ठेवायला हवे. महिन्याच्या पगारावर नर्तक ठेवणाऱ्या कंटेम्पररी संस्था भारतात अगदी थोड्या. बहुतेकांचे काम प्रकल्पागणिक असते : सहा-आठ आठवड्यांची तालीम, काही प्रयोग, मग पुढचे काम. मध्ये शाळेत शिकवणे, नाटकांसाठी हालचाली बसवणे, चित्रपट आणि समारंभांची कामे. म्हणून पदवीच्या काळातच दोन गोष्टी शिकून घ्याव्यात. एक, लहान मुलांचा वर्ग घेणे. दुसरी, लेखी करार : तालमीच्या दिवसांचे पैसे वेगळे आहेत का, दुखापतीचा खर्च कोणाचा, व्हिडिओ वापरण्याचा हक्क कोणाला. तालमीचे पैसे नाहीत, फक्त प्रयोगाचे, असे तोंडी ठरते आणि नवी मुले तिथेच नाडली जातात. आपल्या मुलांना मराठी, कन्नड, हिंदी तिन्ही येतात, ही बेंगळूर आणि पुणे दोन्हीकडे शिकवण्याची कामे मिळवताना मोठी जमेची बाजू आहे.

शेवटी इथल्या कॉलेजांना आणि संस्थांना एक विनंती. वर सांगितलेली दोन वर्षांची तयारी मुलांनी करायची कुठे? बहुतेक क्लास शहाबादी, ग्रॅनाईट किंवा टाइल्सच्या फरशीवर चालतात. उडीतून उतरताना शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार पायावर येतो, दगडी फरशी त्यातले काहीच शोषून घेत नाही आणि तो सगळा नडगी, गुडघा, कंबर यांत जातो. फरशीवर नुसते व्हिनाइल अंथरल्याने घसरणे थांबते, धक्का कमी होत नाही. त्यासाठी खाली लवचीक लाकडी जमीन लागते आणि ती आपला सुतार करू शकतो.

वीस बाय तीस फुटांची खोली धरू. आधी फरशीवर जाड प्लास्टिकचा कागद, कारण आपल्याकडच्या पावसात खालून ओल येते. त्यावर फूट-फूट अंतराने तीन इंची चौकोनी, वीस-पंचवीस मिलिमीटर जाडीचे घट्ट रबरी किंवा फोमचे तुकडे, साधारण साडेसहाशे. मऊ फोम घेतला तर पाऊल डगमगते आणि घोटा मुरगळतो. त्यावर १२ मिलिमीटरचा पाण्यात टिकणारा प्लाय, दोन थर, दुसरा पहिल्याला आडवा आणि सांधे एकावर एक न येतील असा. आठ बाय चारचे एका थराला वीस, एकूण चाळीस तक्ते. स्क्रू पाऊण इंचीच, डोकी खोल बसवलेली. लांब स्क्रू खालून बाहेर येतात आणि जमीन कुरकुरू लागते. चारही भिंतींपाशी अर्धा इंच मोकळा सोडायचा, नाहीतर पावसाळ्यात प्लाय फुगून मध्ये उचलतो. वर नृत्याचे दोन मिलिमीटरचे व्हिनाइल, अंथरण्याआधी एक दिवस उलगडून ठेवलेले. जमीन एकूण दोन इंच वर येते, तेव्हा दार खालून तासावे लागते आणि उंबऱ्याशी उतरती पट्टी लागते. पुसायला ओला फडका पुरतो. मेण, तेलकट फिनेल चालत नाही. अशा जमिनीवर कथक, भरतनाट्यम, लेझीम, योगासने सगळेच चालते, फक्त चपला आणि लोखंडी खुर्च्या आत नेऊ नयेत.

शहरातल्या किंवा तालुक्यातल्या एखाद्या कॉलेजने, वाचनालयाने किंवा मंडळाने अशी एक खोली दिली, तर आराखडा आणि सामानाची यादी आम्ही विनामोबदला करून देऊ आणि काम चालू असताना सुतारासोबत उभे राहू. त्यासाठी खोलीची लांबी-रुंदी, छताची उंची, खांब कुठे आहेत आणि पावसाळ्यात फरशीला ओल येते का, एवढे आम्हाला कळवावे.

आपले,
सीमाभागातील काही नृत्यशिक्षक,
बेळगाव